अठरावी चटई

१

सतरा पोरांना एका खोलीत, एका वेळी झोपवायचं म्हणजे काही खायचं काम नाही. एकाला थोपटावं तर दुसरं उठून बसतं, दुसऱ्याला दटावावं तर तिसऱ्याला नेमकी तेव्हाच शू लागते. पण पाळणाघरातल्या मावशीला ते साधलं होतं. तिच्याजवळ ना छडी होती ना खाऊ. होती ती गोष्ट.

जेवणं झाली, तोंडं पुसून झाली, की मावशी मोठ्या खोलीचे निळे पडदे ओढायची. कपाटातून चटया काढून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरायची. प्रत्येक चटईच्या कोपऱ्यात कापडाचं एक चित्र शिवलेलं. मासा, छत्री, भोपळा, बूट. ज्यांना अजून अक्षर ओळखता येत नाही, त्यांनाही आपली जागा कळायला नको का? मग मधोमध आपलं बुटकं स्टूल टाकून ती बसायची आणि सुरू करायची.

तिचा नियम एकच. दोन वाक्यं सांगून ती थांबणार. जो जागा असेल त्याने ‘हं’ म्हणायचं. हं आला की गोष्ट पुढे. सुरुवातीला सतराच्या सतरा हं यायचे, खोली दणाणायची. मग दहा. मग चार. मग एखादाच, जड, लाळेत भिजलेला. आणि मग एकही नाही. एकही हं आला नाही की मावशी गोष्ट तिथंच सोडून द्यायची. घोड्यावर बसायला निघालेला राजा एक पाय हवेत घेऊन तसाच राहायचा. विहिरीत डोकावणारी म्हातारी डोकावतच राहायची. दुसऱ्या दिवशी तिथून पुढे सांगावं म्हटलं तर कोण कुठपर्यंत जागं होतं यावरून हाणामाऱ्या. म्हणून रोज पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर नवीनच काहीतरी.

बारा वर्षं असं चाललं. बारा वर्षांत मावशीने एकाही गोष्टीचा शेवट सांगितला नव्हता, आणि गंमत म्हणजे तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. ध्यानात आणून दिलं ते एका पत्राने.

२

मावशीला पोरांचं पुस्तक लिहायचं होतं. हे तिने कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा नको त्या माणसाला सांगितलं. नणंदेला. नणंद त्याच पाळणाघरात स्वयंपाकाला होती, वयाने मोठी आणि जिभेने त्याहून मोठी. त्या दिवसापासून मावशीची लेखिकाबाई झाली.

“लेखिकाबाई, वाटाणे सोलता का जरा? की हाताला शाई आहे?”

“द्या इकडे, वन्सं.”

पण पुस्तकवाल्यांकडे वही पाठवायची वेळ आली तेव्हा पाकिटाला डिंक लावून, त्यावर उलथणं ठेवून, वाळेपर्यंत राखण करत बसली तीही नणंदच. “नीट चिकटलं नाही तर टपालवालाच वाचून काढेल सगळं,” ती म्हणाली, “आणि वर मला येऊन सांगेल की आवडलं नाही.”

गोष्ट होती एका किल्लीची. किल्ली रस्त्यात पडलेली असते. आपण कुठल्या कुलपाची हे तिला ठाऊक नसतं. म्हणून ती प्रत्येक दाराशी जाते आणि विचारते, ‘मी तुझी का?’ शाळेचं दार, न्हाव्याचं दार, दवाखान्याचं दार. एकेक दार एकेका स्वभावाचं. कुणी तिरसट, कुणी मायाळू, एक तर इतकं बोलघेवडं की किल्लीला तिथून निघता निघेना.

वही तीन ठिकाणांहून परत आली. चौथ्या ठिकाणाहून पत्र आलं, हाताने लिहिलेलं. मावशीने ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच वाचून दाखवलं. संपादकबाईंनी लिहिलं होतं: ‘किल्ली आम्हा सगळ्यांना फार आवडली. पण तुमची गोष्ट संपत नाही, नुसती थांबते. आठव्या दारापाशी आम्ही पान उलटलं तर पुढे कोरं. किल्ली शेवटी कुठे बसते? पुढच्या वर्षाच्या पुस्तकांची यादी आम्ही या महिनाअखेरीला पक्की करतो. शेवटच्या तारखेच्या टपालात तुमचा शेवट पडला, तर पुस्तक नक्की करू.’

“मग दे की पाठवून,” नणंद म्हणाली. “आठ दारं केलीस, आणखी एक कर.”

“शेवट मला माहीत नाही, वन्सं.”

“म्हणजे? गोष्ट कुणाची आहे?”

“माझीच. पण मी तिथवर कधी गेलेच नाही. पोरं आधीच झोपतात.”

नणंदेच्या हातातली पळी थांबली. “बारा वर्षं तू सगळ्यांना अर्ध्या वाटेत सोडून येतेस,” ती म्हणाली, “आणि तुला ते आज कळतंय?”

मावशी घरी टेबलाशी लिहायला बसली तर पेन हलेना. तोंडाने सांगणाऱ्याचं तसंच असतं. समोर कुणी नसलं की शब्द घशातच मुक्काम करतात. मग तिने ठरवलं, आता पोरं झोपली तरी थांबायचं नाही. हळू आवाजात तशीच पुढे सांगत राहायचं. कधी ना कधी शेवट तोंडात येईलच.

महिना संपायला नऊ दिवस होते.

३

सगळ्यांत शेवटी झोपायची ती वकील. वकील म्हणजे पाच वर्षांची एक पोरगी, प्रश्न विचारून भंडावून सोडते म्हणून नणंदेने तिला दिलेलं नाव. त्या दुपारी वकिलीणबाईंचा हं अर्ध्यात घोरण्यात बुडाला. खोलीत सतरा श्वास वरखाली होऊ लागले.

मावशी थांबली नाही. “आठवं दार होतं घड्याळजीचं,” ती हळूच म्हणाली. “ते दार सारखं म्हणायचं, आत्ता नको, मग ये.”

दोन वाक्यं झाली, म्हणून सवयीने ती थांबली.

“हं.”

“किल्ली म्हणाली, मग म्हणजे कधी? दार म्हणालं, मग म्हणजे मग.”

“हं.”

आणखी दोन वाक्यं बोलून गेल्यावर मावशीच्या लक्षात आलं, की या हंमध्ये झोपेचा कण नव्हता. स्वच्छ, टक्क जागा हं होता तो.

ती उठली. पोर खरंच झोपलंय का सोंग करतंय हे ओळखायची तिची रीत होती. हात उचलायचा आणि सोडायचा. सोंगाड्याचा हात हळू पडतो, झोपलेल्याचा धप्पकन. मावशीने एकेक करून सतरा हात उचलले आणि सोडले. सतराच्या सतरा धप्पकन पडले.

मग तिने शहाण्या माणसासारखा विचार केला. पाण्याचा नळ असेल, भिंतीतून जातो. मागच्या गल्लीत कुणी फोनवर बोलत असेल. नाहीतर आपलाच घसा. बारा वर्षं हं ऐकून ऐकून आता तो स्वतःच म्हणायला लागला असेल. हे शेवटचं तिला पटलं. म्हणून स्टूलावर बसून तिने आणखी दोन वाक्यं सांगितली आणि दोन बोटांनी आपलेच ओठ घट्ट धरून ठेवले.

“हं,” आवाज आला. भिंतीकडून. जिथे पोरांची दप्तरं खुंट्यांना टांगलेली असतात, तिथे खाली, जमिनीलगत.

४

“अगं, चटया किती घालतेस तू?”

दुसऱ्या दिवशी नणंद पाण्याचा जग न्यायला आली होती. तिची मोजदाद पक्की. प्याले मोजून भरायचे, चमचे मोजून ठेवायचे.

“सतरा.”

“मग मला कमी दिसायला लागलं म्हणायचं. का जास्त?”

मावशीने मोजलं. अठरा होत्या. अठरावी खुंट्यांखाली, भिंतीला चिकटून. तिच्या कोपऱ्यात चित्र नव्हतं.

हाताची सवय, दुसरं काय. मधे कधीतरी एक पोर कमी झालं असेल आणि हात मात्र अठरा घालत राहिले असतील. मावशी असं म्हणाली, आणि म्हणतानाच तिला आठवलं की संध्याकाळी गुंडाळताना शेवटची चटई नेहमी कोमट लागते. इतकी वर्षं तिला वाटायचं, ऊन पडत असेल. त्या भिंतीला खिडकी नव्हती.

त्याच्या पुढच्या दिवशी तिने मोठ्याने मोजत सतरा घातल्या. कपाट लावलं, पडदे ओढले, मागे वळली. खुंट्यांखाली अठरावी होती. आपणच घातली असेल, तिने मनाला बजावलं. मोजताना वकील मधे बडबडत नव्हती का? पण मावशीची नजर पोरांकडे होती. जेवून आलेली पोरं खोलीभर उंडारत होती, एकमेकांच्या चटया तुडवत, माशावरून छत्रीवर, छत्रीवरून भोपळ्यावर. खुंट्यांपाशी आली की मात्र वळसा घालत होती. बघत नव्हती, थबकत नव्हती. झोपलेल्या माणसाच्या अंगावरून आपण पाय टाकत नाही ना, तसं.

५

नळ असेल तर तो कशालाही आवाज करेल, नाही का? मावशीने परीक्षा घ्यायची ठरवली.

पोरं झोपली. ती किल्लीचं सांगत होती आणि दर दोन वाक्यांना भिंतीकडून हं येत होता, लाकडावर बोट वाजवावं तसा नेमका. मधेच ती म्हणाली, “मग सात मासे टेबलावर चढले आणि त्यांनी मंगळवार चावून खाल्ला. घड्याळाने भोपळ्याचं लग्न लावलं.” आणि थांबली.

काही नाही.

ती थांबून राहिली. सतरा श्वास. घड्याळाची टिकटिक. आणि भिंतीपाशी, कुणीतरी पुढचं खरं येईल म्हणून वाट बघत थांबलंय, अशी शांतता.

ऐकतंय. नुसता आवाज नाही, ऐकतंय ते. आणि बावळटपणा चालवून घेत नाही.

“किल्ली घड्याळजीच्या पायरीवर बसली,” ती कशीबशी म्हणाली. “तिला वाटलं, आपलं कुलूप कुठे नसेलच तर?”

“हं,” असा आला की जणू, हां, आता कशी वाटेवर आलीस.

दाराशी काहीतरी किणकिणलं. नणंद दुधाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने कधीपासून ऐकलं कोण जाणे. तिने खुंट्यांकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं.

“दूध उतू जाईल,” असं म्हणून ती वळली. दूध तिच्या हातातल्या प्याल्यांतच होतं.

मावशीला वाटलं, आता ही उद्यापासून यायची नाही. पण दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये अठरा प्याले होते. अठरावा नणंदेने स्वतः नेऊन खुंट्यांखाली ठेवला आणि स्वतःच उचलून आणला. तो भरलेला होता की रिकामा, हे तिने सांगितलं नाही, आणि मावशीनेही विचारलं नाही.

“तुझी ती किल्ली,” प्याले विसळताना ती एवढंच म्हणाली, “लाव बाई एकदाची कुठेतरी. कुणाला किती ताटकळत ठेवायचं त्यालाही सुमार असतो.”

६

शेवटची तारीख आली. पाच वाजता टपाल निघणार होतं.

मधल्या दिवसांत मावशीने तीन शेवट सांगून पाहिले होते. किल्ली राजवाड्यातल्या तिजोरीला बसली: चटईवर सळसळ झाली, कुणी कूस बदलून पाठ फिरवावी तशी. किल्लीला दुसरी हरवलेली किल्ली भेटली आणि दोघी मैत्रिणी झाल्या: काहीच नाही. किल्ली वितळवून लोहाराने तिची घंटा केली: त्यावर असा एक श्वास आला, आत ओढलेला आणि बाहेर न सोडलेला, की मावशीने घाईघाईने “नाही, नाही, तसं नाही झालं” म्हणत शब्द परत घेतले.

आज पोरं लवकर झोपली. वकीलसुद्धा. मावशीने स्टूल उचलून खुंट्यांपाशी नेलं, मग तेही नको वाटून जमिनीवर बसली. उजवा हात आधाराला टेकला, तो अठराव्या चटईच्या काठावर पडला. चटई कोमट होती.

खरं सांगायचं तर तिला भीती शेवट न सापडण्याची नव्हती. सापडला तर, याची होती. गोष्ट चालू असते तोवर पोर जागच्या जागी राहतं. संपल्यावर पोरं काय करतात? उठतात.

पण वहीतलं ते कोरं पान तिला दिसत होतं. आणि तो एक पाय हवेत घेतलेला राजा, ती विहिरीत डोकावणारी म्हातारी. बारा वर्षांतली सगळी. आणि त्या सगळ्यांसाठी इथे कुणीतरी, पुढे काय झालं म्हणून, डोळे उघडे ठेवून पडलं होतं.

“मग किल्लीने विचारायचं सोडून दिलं,” ती म्हणाली. “ती रस्त्याच्या कडेला पडून राहिली.”

“हं.” आता तो इतका जवळून आला की मनगटावर वारं लागलं.

“दारं उघडत होती, मिटत होती. आणि मग किल्ली...”

पुढे काही नव्हतं. तोंड उघडं आणि आत शब्द नाही. मग किल्ली. मग किल्ली काय?

आणि तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाभोवती काहीतरी मिटलं.

पाच लहान बोटं. गरम, जराशी दमट. घट्ट.

मावशीने ओरडायला हवं होतं. पण सतरा पोरं झोपली होती, आणि झोपलेल्या पोरांत ओरडायचं नाही हे तिच्या हाडात मुरलेलं. तिने फक्त मान खाली घातली. या चटईवर तिने पांघरूण घातलं नव्हतं, पांघरूण होतं. त्याच्या काठाखालून एक मूठ बाहेर आली होती, अंगठ्याचं नख कुरतडलेलं. मनगटामागे पांघरूण होतं, आणि पांघरूण सपाट होतं.

तिने डोळे मिटले. बोट सोडवून घेतलं नाही. मुठीत ते असं बसलं होतं, की इतकी वर्षं ते कुठे होतं असा प्रश्न पडावा.

“मग,” ती म्हणाली, “रस्त्याने एक पोर आलं. त्याने किल्ली उचलली. तिच्याने कुठलं दार उघडतं, हे त्याने विचारलं नाही. त्याने ती मुठीत घेतली आणि मूठ मिटली. किल्ली बसली. बरोबर बसली.”

हं आला नाही.

मावशी वाट बघत राहिली. मग तिला ऐकू आलं: खालून, लांब लांब, सतरांच्या मागून येणारा एक अठरावा श्वास. वर, खाली. वर, खाली.

साडेचार झाले असतील, नणंद ट्रे घेऊन आली. मावशीला जमिनीवर वाकडी बसलेली पाहून तिने ट्रे आवाज न करता ठेवला.

“टपाल,” ती कुजबुजली.

“वन्सं, एखादी वही आणा. मला उठता येत नाही. बोट धरलंय.”

कुणी, ते नणंदेने विचारलं नाही. वही आणली, स्टूलावर बसली, चष्मा लावला. मावशी सांगत गेली आणि नणंद आपल्या टपोऱ्या अक्षरांत लिहीत गेली, पिठाचा एक ठसा कागदावर उमटवून.

“बरोबर बसली. पुढे?”

“पुढे काही नाही. संपली.”

“संपली, असं लिहू?”

“लिहा.”

नणंदेने ते लिहिलं, आणि त्याच घडीला बोटावरची पकड सैल झाली, झोपलेल्या पोराची होते तशी, एकेक बोट करून. मावशी पांघरुणाकडे बघायला वळेपर्यंत तिथे पांघरूण नव्हतं. पायांत चपला उलट्यासुलट्या अडकवून नणंद टपालाकडे धावत सुटली होती.

७

संपादकबाईंचं पत्र पंधरवड्यात आलं. पुस्तक यादीत होतं. चित्रकाराने एक प्रश्न विचारला होता: मूठ किती वर्षांच्या पोराची काढू?

मावशीच्या बोटावर पाच फिकट खुणा अजून होत्या. तिने त्या पोरांच्या मुठींशी ताडून पाहिल्या, वकिलीणबाईंची मूठ मोठी निघाली. ‘चार वर्षांच्या,’ तिने कळवलं. ‘आणि अंगठ्याचं नख कुरतडलेलं काढा.’

आनंद झाला, झाला नाही कसा? नणंदेने ते पत्र दूधवाल्याला, भाजीवालीला आणि दोन अनोळखी माणसांना वाचून दाखवलं. लेखिकाबाई हे नाव आता चिडवायचं राहिलं नाही, त्यामुळे नणंदेचीच पंचाईत झाली. पण दुपारी पोरं झोपली की मावशी भिंतीकडे कान लावून बसायची आणि भिंत गप्प असायची. चटई गार. ज्याची भीती वाटायची, त्याच्यावाचून आता खोली ओकीओकी वाटायला लागली. बरं झालं, निवांत झोपलं असेल, ती स्वतःला सांगायची. तरी एका संध्याकाळी बसून तिने अठराव्या चटईच्या कोपऱ्यात पिवळ्या कापडाची एक किल्ली शिवली.

दुसऱ्या दिवशी तिने नवी गोष्ट काढली. एक बूट असतो, जोडीचा हरवलेला, आणि तो एकटाच घरी चालत निघतो. सतरा हं, मग नऊ, मग तीन, मग वकील, मग कुणीच नाही.

मावशी थांबली नाही. “बूट तळ्याकाठी आला,” ती म्हणाली. “तळ्यात त्याला आपल्यासारखाच एक बूट दिसला.”

“हं.”

खुंट्यांखालून. स्वच्छ, टक्क जागा, आणि ओळखीचा. मावशीचे डोळे भरून आले. ती पुढचं वाक्य बोलणार, तोच खिडकीखालून, जरा घोगरा, जरा बुजल्यासारखा, दुसरा आला.

“हं.”

ती सावकाश वळली. निळ्या पडद्याखाली एक चटई होती. कोपऱ्यात चित्र नसलेली.

नणंद दारात ट्रे घेऊन उभी होती. तिने ओठांतल्या ओठांत चटया मोजल्या, हातातले प्याले मोजले, आणि आणखी एक प्याला आणायला आत गेली.

मावशीने पदराने डोळे टिपले आणि स्टूलावर नीट सावरून बसली. बूट अजून तळ्याकाठीच होता. त्याला घरापर्यंत न्यायचं होतं.